वर्ध्याहून निघालेलं एक पत्रक आणि मुंबईतली मॅच

एपिसोड ऐकायला वेळ नाही, बसमध्ये नेट नाही, किंवा नुसतं वाचायलाच आवडतं, अशांसाठी हा लिखित मजकूर. बोलताना जे 'अं… म्हणजे…' झालं ते काढून टाकलंय. बाकी जवळपास जसंच्या तसं.

विषय क्रिकेटचा आहे, पण सुरुवात अमेरिकेपासून करतो. तिकडे शरद ऋतूत दर शनिवारी कॉलेज फुटबॉल चालतं. फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नाही, ते हेल्मेटवालं. पहिली मॅच १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत झाली, आणि तेव्हापासून हे वेड उतरलेलंच नाही. मोठ्या युनिव्हर्सिट्यांचं सोडा. हजार-दोन हजार पोरांची छोटी कॉलेजं, जिथे खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा मिळत नाही, त्यांचेही रिझल्ट दर आठवड्याला छापून येतात. कोणी किती यार्ड पळालं, कोणत्या पोराने शेवटच्या मिनिटाला मॅच काढली, सगळं. गाव त्या कॉलेजच्या रंगाचे टी-शर्ट घालून बसतं. बाजूच्या गावाशी भांडण असतं, पण ते कॉलेज विरुद्ध कॉलेज असतं.

हे वाचताना मला एक जुनी गोष्ट आठवली. कारण कॉलेज विरुद्ध कॉलेज समजू शकतं, पण बाकीचं नाही, असं एका माणसाने १९४० साली आपल्या वर्ध्यातून जाहीरपणे सांगितलं होतं. आणि त्या वाक्यामुळे मुंबईतली देशातली सगळ्यात मोठी क्रिकेट स्पर्धा हादरली होती.

तो माणूस कोण ते तुम्ही ओळखलं असेलच. वर्ध्याचे आपण, दुसरं कोण असणार! पण गांधी आणि क्रिकेट हे दोन शब्द शेजारी ठेवले की लोक हसतात, म्हणून नीट सांगतो.

आधी ती स्पर्धा काय होती ते.

मुंबईत मरीन ड्राइव्हला कधी गेलात तर समुद्राकडे पाठ करून उभे राहा. एका रांगेत जिमखाने दिसतील. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. नावं वाचूनच कळतं. लॉर्ड हॅरिस नावाचा गव्हर्नर होता, स्वतः इंग्लंडचा कॅप्टन राहिलेला. त्याच्या काळात या जमाती-जमातींच्या मैदानांची वाटणी पक्की झाली. इंग्रजांचा बॉम्बे जिमखाना वेगळाच, तिथे नेटिव्ह माणसाला मेंबर होता येत नव्हतं.

क्रिकेट आधी उचललं पारशांनी. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. मैदानावर खेळायला गेले की साहेबांचे पोलोचे घोडे पिच उकरून ठेवायचे. त्यावर अर्ज, तक्रारी, वर्षानुवर्षं भांडण. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने त्या भांडणावर अख्खं पुस्तक लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला हे माहीत आहे. १८८६ आणि १८८८ मध्ये पारशी टीम इंग्लंडला जाऊन आली. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी या मॅचेस नियमित सुरू झाल्या. १९०७ मध्ये हिंदू आले आणि ती झाली ट्रँग्युलर. १९१२ मध्ये मुसलमान आले, क्वाड्रँग्युलर. १९३७ मध्ये 'द रेस्ट' म्हणजे 'बाकीचे' आले, आणि झाली पेंटँग्युलर. बाकीचे म्हणजे कोण? हिंदी ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन, ज्यू, जे वरच्या चार खोक्यांत बसत नव्हते ते सगळे.

आता आयपीएलच्या जमान्यात हे ऐकायला विचित्र वाटतं. धर्माप्रमाणे टीम! पण रणजी ट्रॉफी १९३४-३५ मध्ये सुरू झाली तोवर आपल्याकडचं मोठं क्रिकेट म्हणजे हेच. रणजी आल्यावरसुद्धा गर्दी हिलाच. भारतात रेडिओवर क्रिकेटची धावती कॉमेंट्री सुरू झाली तीही याच स्पर्धेत, १९३४ साली, बॉबी तल्यारखान यांच्या आवाजात. तल्यारखान दिवसभर एकटेच बोलायचे. माइक दुसऱ्याला द्यायचाच नाही. (आम्ही दोघं अर्धा तास बोललो तरी घसा बसतो.) आणि ही पद्धत मुंबईपुरती राहिली नव्हती. कराचीत तशी स्पर्धा, लाहोरला तशी, आणि आपल्या नागपुरातसुद्धा. सी. के. नायुडू नागपूरचे, हिस्लॉप कॉलेजचे. पुढे १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या टेस्टचे कॅप्टन झाले ते, पण देशभर नाव गाजलं ते हिंदू टीमकडून खेळताना. १९२६ च्या डिसेंबरमध्ये बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीच्या पाहुण्या टीमविरुद्ध त्यांनी १५३ काढल्या, त्यात ११ सिक्स. एका इनिंगमध्ये ११! आणि तेव्हाच्या बॅटी आतासारख्या जाडजूड नव्हत्या.

हिंदू टीम म्हणजे सगळे हिंदू, असं मात्र समजू नका. इथे थोडं थांबतो, कारण हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पळवणकर बंधू. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. चांभार समाजातले चार भाऊ. थोरला बाळू पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर पिचवर रोलर फिरवायचा, आणि नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकायचा. डावखुरा स्पिनर. साहेब बॅटिंग करणार, हा टाकणार. याला बॅट हातात मिळणं दुर्मीळ. पण हजारो बॉल टाकून टाकून हात असा बसला की पुण्याच्या हिंदू क्लबाला प्रश्न पडला. घ्यावा, तर शिवायचं कसं? न घ्यावा, तर साहेबांना हरवायचं कसं? शेवटी घेतला. मैदानावर एकच बॉल सगळ्यांच्या हातात फिरायचा, ते चालायचं. टी-ब्रेकला मात्र बाळूचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ साली हिंदी टीम इंग्लंडला गेली तेव्हा या माणसाने तिथे ११४ विकेट घेतल्या. टीम बऱ्याच मॅचेस हरली, पण बाळूचं नाव तिथल्या लोकांनी लक्षात ठेवलं. इतकं करूनही हिंदू टीमची कॅप्टन्सी त्याला कधीच मिळाली नाही. ती मिळाली धाकट्या विठ्ठलला, १९२३ मध्ये, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. विठ्ठल पळवणकरांनी नंतर मराठीत आत्मचरित्र लिहिलं. मिळालं तर वाचा, क्रिकेट कळत नसलं तरी.

म्हणजे बघा, धर्माच्या नावावर टीम काढली, आणि जिंकायच्या गरजेने तिच्या आतली जातीची भिंत थोडी खचली. थोडीच. पण खचली. त्यामुळे ही स्पर्धा वाईटच होती असं एका वाक्यात उडवून लावता येत नाही, आणि चांगली होती असंही म्हणता येत नाही. बाळूचा चहा बाहेर ठेवणारे लोक आणि विठ्ठलला खांद्यावर घेणारे लोक, यातले काही तरी तेच असणार.

आता या वर्ध्यात.

गांधीजी १९३४ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले. आपलं सेवाग्राम म्हणजे ते शेगाव. नाव १९४० मध्ये बदललं, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची. गजानन महाराजांच्या गावी गांधींचं टपाल! शेवटी नावच बदललं.

१९४० चा ऑक्टोबर. दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष झालेलं. इंग्रजांनी भारताला न विचारता युद्धात ओढलं म्हणून गांधींनी वैयक्तिक सत्याग्रह काढला. गर्दी नाही, मोर्चा नाही. एकेक निवडलेला माणूस उभा राहणार, युद्धाविरुद्ध बोलणार, पकडला जाणार. पहिला सत्याग्रही विनोबा भावे. १७ ऑक्टोबरला पवनारला भाषण केलं, चार दिवसांत अटक. दुसरे नेहरू, त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली. नोव्हेंबरमध्ये सरदार पटेल आत. डिसेंबर उजाडेपर्यंत काँग्रेसचे मोठे नेते एकामागून एक जेलमध्ये जात होते. हे सगळं चालवणारं ऑफिस कुठे? सेवाग्रामच्या त्या मातीच्या कुटीत. तुम्ही शाळेच्या सहलीत बघितली असेल. बाजूला व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोनही ठेवलेला आहे.

आणि मुंबईत १४ डिसेंबरपासून पेंटँग्युलर जाहीर झाली होती. ब्रेबर्न स्टेडियम, १९३७ मध्ये उघडलेलं, अजून नवंकोरं. तिकिटं, जाहिराती, सट्टा, सगळं जोरात.

मुंबईत एक गट आधीपासून या स्पर्धेविरुद्ध होता. बॉम्बे क्रॉनिकल या पेपरचे क्रीडा संपादक जे. सी. मैत्रा सतत लिहायचे की हे जातीय क्रिकेट बंद करा. त्यात आता नवा मुद्दा आला. नेते जेलमध्ये असताना मॅच कसली बघता? हिंदू जिमखान्यात दोन तट पडले. एक म्हणे खेळ वेगळा, राजकारण वेगळं. (हे वाक्य तेव्हापासून आजपर्यंत रिटायर झालेलं नाही.) दुसरा म्हणे लाज वाटायला पाहिजे. निकाल लागेना, तेव्हा जिमखान्याची काही मंडळी ट्रेनने वर्ध्याला आली. ज्याला विचारायचं त्यालाच जाऊन विचारू.

मला हा प्रसंग कल्पनेत आणायला फार आवडतो. मुंबईचे क्लबातले लोक, स्टेशनवर उतरून धुळीच्या रस्त्याने आश्रमाकडे. आणि विचारायचं काय, तर मॅच खेळायची का. ज्यांना विचारायचं ते गृहस्थ म्हणजे शाळेत क्रिकेट सक्तीचं होतं तेव्हाही मैदान टाळणारे. हे मी नाही म्हणत, आत्मकथेत त्यांनी स्वतःच लिहिलंय की राजकोटच्या शाळेत व्यायाम आणि क्रिकेट सक्तीचं होतं आणि त्यांना ते आवडायचं नाही. विजय मर्चंटच्या बहिणीने त्यांची सही मागितली तेव्हाचा किस्साही भारी आहे. तिच्या वहीत एमसीसीच्या १९३३-३४ च्या टीमच्या सह्यांचं पान होतं, सोळा खेळाडूंचं. गांधींनी वही चाळली आणि त्याच पानावर सतराव्या नंबरवर सही करून दिली. इंग्लिश टीमचा सतरावा खेळाडू, मो. क. गांधी.

तर गांधींनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याहून पत्रक काढलं. शब्दशः देत नाही, मतलब सांगतो. पहिला भाग अपेक्षित होता. जग युद्धात होरपळतंय, आपले नेते जेलमध्ये आहेत, अशा वेळी करमणुकीचे सोहळे मला पसंत नाहीत, त्यामुळे मॅच थांबवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. एवढ्यावर थांबले असते तर ती त्या वर्षाची बातमी झाली असती आणि आपण विसरलो असतो.

पण पुढे गेले. म्हणाले की कॉलेजांच्या आणि संस्थांच्या मॅचेस मी समजू शकतो. हिंदू, पारशी, मुसलमान अशा टीम कशासाठी, हे मला कधीच कळलेलं नाही. अशी वाटणी खेळाच्या भाषेत आणि खेळाच्या रीतीत निषिद्ध मानली जायला हवी. मुंबईच्या क्रीडाप्रेमींनी आपले नियम बदलावेत आणि जातवार मॅचेस काढून टाकाव्यात.

कॉलेजच्या मॅचेस समजू शकतो. हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण तो बरोबर जागी पडलाय. कारण कॉलेजच्या टीममध्ये काय होतं? विजय मर्चंट मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजचा. के. सी. इब्राहिम सेंट झेवियर्सचा, आणि पारशी रूसी मोदी पण झेवियर्सचाच. पुण्यात प्रोफेसर दि. ब. देवधर कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि महाराष्ट्राचे कॅप्टन होते, वयाच्या ४८ व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ ठोकणारे. एका बेंचवर बसणारी पोरं एका टीममधून खेळायची, आणि पेंटँग्युलर आली की तीच पोरं वेगवेगळ्या ड्रेसिंग रूममध्ये जायची. १९३५ साली युनिव्हर्सिट्यांची रोहिंटन बारिया ट्रॉफी सुरू झाली होती. म्हणजे पर्याय हवेतला नव्हता, समोर चालू होता. योगायोग बघा, त्याच १९४० मध्ये वर्ध्यात शिक्षा मंडळाचं कॉमर्स कॉलेज सुरू झालं होतं. गांधी कॉलेज म्हणाले तेव्हा त्यांच्या डोक्यात ते होतं का, मी म्हणणार नाही. ओढून-ताणून जोडायला मला आवडत नाही.

पत्रक मुंबईला पोचलं आणि हिंदू जिमखान्यात मोठी सभा झाली. खूप वादावादी, मग मतदान. माघार घ्यायचा ठराव पास झाला, पण फरक थोडाच. म्हणजे गांधींचा शब्द असूनही जवळपास निम्मे मेंबर म्हणत होते की खेळूच. हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. आपण इतिहास वाचताना समजतो की बापूंनी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. असं नव्हतं. क्रिकेटची ओढ तेव्हाही भल्याभल्यांना सोडत नव्हती.

रिझल्ट सांगायचा तर, हिंदूंशिवाय स्पर्धा झाली. मुसलमान टीमने फायनलमध्ये रेस्टला हरवलं. स्टेडियम पूर्वीसारखं भरलं नाही.

आणि पुढच्या वर्षी? १९४१ मध्ये हिंदू परत आले. जिंकलेसुद्धा, फायनलमध्ये पारशांना दहा विकेटनी हरवून. मर्चंटने त्या वर्षी मुसलमान टीमविरुद्ध नाबाद २४३ केले. वर्ध्याच्या पत्रकाचा असर एक सीझन टिकला. १९४२ मध्ये 'चले जाव' मुळे स्पर्धाच झाली नाही.

आता मी तुम्हाला १९४३ च्या डिसेंबरचा तो आठवडा सांगितला नाही तर तुम्ही माझ्यावर नाराज व्हाल, कारण क्रिकेट म्हणून बघायचं तर या सगळ्या इतिहासातला तो सगळ्यात भारी आठवडा आहे. आणि त्याचा हिरो आपला, सांगलीचा.

विजय हजारे. मराठी ख्रिश्चन कुटुंब. हिंदू नाही, मुसलमान नाही, पारशी नाही, म्हणून 'बाकीच्यां'त. विचार करा, महाराष्ट्राकडून रणजीत नाबाद ३१६ काढून बसलेला माणूस, आणि मुंबईत त्याची ओळख काय, तर बाकीचा. स्वभावाने अबोल. बॅटिंग अशी की वही उघडून बसलेला हिशेबनीस.

मर्चंट आणि हजारे यांच्यात स्पर्धेतल्या सगळ्यात मोठ्या स्कोअरवरून न बोलता चुरस लागली होती. मर्चंटचा २४३ चा रेकॉर्ड. हजारेंनी १९४३ मध्ये मुसलमान टीमविरुद्ध २४८ करून तो मोडला, आणि रेस्टला फायनलमध्ये नेलं. फायनल हिंदू विरुद्ध रेस्ट. मर्चंटने नाबाद २५० केले. म्हणजे रेकॉर्ड परत घेतला, तोही दोन रनांनी. हिंदू ५ बाद ५८१ वर डिक्लेअर.

रेस्टची बॅटिंग आली आणि १३३ मध्ये संपली. त्यात हजारेंचे ५९. फॉलोऑन. परत बॅटिंग, परत निम्मी टीम स्वस्तात गेली. त्या वेळी हजारेंच्या जोडीला त्यांचा धाकटा भाऊ विवेक आला. आणि मग ३०० रनांची पार्टनरशिप झाली. त्यात विवेकचे किती? २१. मी टाइप करताना चुकलो नाही, एकवीस. तो फक्त उभा राहिला. एका बाजूने दार लावून धरलं आणि दादाला म्हणाला असेल की तू कर काय करायचं ते. रेस्टचा डाव ३८७ वर संपला, त्यात विजय हजारेंचे ३०९. म्हणजे दर पाच रनांमधले जवळपास चार एकट्याचे. रेकॉर्ड पुन्हा त्यांच्याकडे.

मॅच? डावाने आणि ६१ रनांनी हरले. इतकं करून हरले. स्कोअरकार्ड बघितलं की पोटात तुटतं. मर्चंटने मग काही आठवड्यांतच रणजीत महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ काढून उत्तर दिलं. त्या काळात ही चर्चा पानाच्या टपरीवर कशी रंगली असेल याची कल्पना करा.

पण याच आठवड्यांची दुसरी बाजूही आहे. १९४३ म्हणजे बंगालच्या दुष्काळाचं वर्ष, लाखो माणसं अन्नावाचून मेली. वर्ध्याचं पत्रक काढणारे गांधी तेव्हा पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. इकडे ब्रेबर्नवर गर्दी. मी त्या प्रेक्षकांना नावं ठेवत नाही. मी तिथे असतो तर तिकिटासाठी रांगेत उभा असतो, हे मला माहीत आहे.

पुढच्या वर्षी, १९४४ मध्ये फायनल हिंदू विरुद्ध मुसलमान. देशात पाकिस्तानच्या मागणीवरून वातावरण तापलेलं, सप्टेंबरमध्ये मुंबईतच गांधी-जिना बोलणी फिसकटलेली. अशा वेळी ही मॅच म्हणजे पेट्रोलपंपावर काडी ओढण्यासारखं, असं कोणालाही वाटेल. हिंदू २०३ आणि ३१५. मुसलमान २२१, आणि जिंकायला हवेत २९८. झेवियर्सचा तो इब्राहिम ओपनिंगला आला आणि शेवटपर्यंत आऊट झालाच नाही. नाबाद १३७. नऊ विकेट गेल्या होत्या. एका विकेटने मुसलमान टीम जिंकली. आणि दंगल झाली नाही. मर्चंट मुसलमान टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि मुश्ताक अलीला मिठी मारून अभिनंदन केलं, असं सांगतात.

स्पर्धेचे समर्थक हेच पुढे करायचे. बघा, मैदानावर भांडण होत नाही, उलट लोक जवळ येतात. हा मुद्दा खोटा नाही. मॅचमध्ये हिंदू-मुसलमान खेळाडूंनी एकमेकांशी वैर केल्याच्या गोष्टी फारशा सापडत नाहीत. तरीही मला वर्ध्याचं म्हणणं पटतं, आणि ते दंगल होईल या भीतीमुळे नाही. समजा दंगल कधीच झाली नसती. तरी हजारे 'बाकीचे'च राहिले असते. इब्राहिमच्या १३७ रना एका जमातीच्या खात्यात जमा झाल्या असत्या आणि मर्चंटच्या २५० दुसऱ्या. पोरगं सुंदर कव्हर ड्राइव्ह मारतं तेव्हा टाळी वाजवायच्या आधी त्याचं आडनाव बघायची सवय लागते, ती एकदा लागली की मॅच संपल्यावर जात नाही. तुमच्या मोबाइलवर क्रिकेटच्या कुठल्याही व्हिडिओखालच्या कमेंट उघडा, म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल.

गांधींच्या पत्रकावर माझी एक तक्रार आहे, तीही नोंदवतो. माघार घेतली ती फक्त हिंदू टीमने. बाकीच्या चार टीम खेळल्याच. त्यामुळे जातवार मॅच नको हे म्हणणंसुद्धा त्या वर्षी एका जमातीचाच निर्णय होऊन बसलं. पाचही जिमखान्यांना एकत्र बसवून सांगायला कोणी नव्हतं, किंवा तेवढा वेळ नव्हता. एका आठवड्यात ते व्हायचंही नव्हतं म्हणा.

१९४५-४६ च्या सीझनला शेवटची पेंटँग्युलर झाली, हिंदूंनी पारशांना ३१० रनांनी हरवलं. १९४६ मध्ये देशभर दंगली पेटल्या आणि स्पर्धा पुन्हा भरली नाही. म्हणजे पत्रकाने जे झालं नाही ते रक्ताने झालं. क्रिकेट बोर्डाने मग प्रदेशवार स्पर्धा आणल्या. रणजी होतीच.

खेळाडूंचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. हजारेंनी स्वातंत्र्यानंतर ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या टेस्टमध्ये, दोन्ही डावांत सेंच्युरी मारली, ११६ आणि १४५, समोर ब्रॅडमनची टीम. १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने पहिली टेस्ट जिंकली, तेव्हा कॅप्टन हजारे. कोणी बाकीचा म्हणालं नाही. हिंदूंविरुद्ध नाबाद १३७ काढणारा इब्राहिम १९४८ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध भारताकडून ओपनिंगला आला आणि पहिल्याच डावात ८५ केल्या. चार टेस्ट खेळला. नंतर तो पाकिस्तानात गेला, आणि २००७ मध्ये कराचीत वारला. लेगस्पिनर आमिर इलाही १९४७-४८ मध्ये भारताकडून टेस्ट खेळला, आणि १९५२ मध्ये पाकिस्तानची टीम दिल्लीला पहिली टेस्ट खेळायला आली तेव्हा समोरच्या टीममध्ये होता.

पुढचा एपिसोड नागपूरवर. सी. के. नायुडूंचं हिस्लॉप कॉलेज आणि तिकडची क्वाड्रँग्युलर. तुमच्या कॉलेजच्या जुन्या टीमचा फोटो कुठे भिंतीवर लटकत असेल, खाली नावं वाचता येत असतील, तर कमेंटमध्ये टाका. विशेषतः हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडची मंडळी, तुमच्याकडचं आम्हाला फार कमी मिळतं.